बंदरावरचा ट्रक आणि इतर चौकशा

गेल्या अंकात पोकेमॉनच्या जुन्या गेम्सबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. गंमत म्हणजे निम्मी पत्रं एकाच गावाबद्दल होती : कान्टो प्रदेशातलं व्हर्मिलियन शहर. समुद्रकाठ, एक जहाज, एक जिम, गप्पिष्ट माणसांचा एक क्लब, बस्स एवढंच तिथे आहे. तरी मालिकेतल्या सगळ्या बंदरांत मला हेच आवडतं, त्यामुळे उत्तरं थोडी पाल्हाळाची झाली तर चालवून घ्या.

प्र. ताई, जहाजाजवळ जो ट्रक उभा आहे त्याच्याखाली म्यू हा दुर्मीळ पोकेमॉन असतो असं माझा मोठा भाऊ सांगतो. मी तिथे जाऊच शकत नाही. तो फेकतोय का? (इयत्ता नववी, सांगली)

तुझा भाऊ फेकत नाहीये, त्यालाही कुणीतरी फेकलेलंच सांगितलंय. ही वावडी रेड आणि ब्लू या पहिल्या गेम्सच्या काळापासून जगभर फिरते आहे. मूळ गेम जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये आला आणि अमेरिकेत १९९८ मध्ये. तेव्हा खात्री करायला इंटरनेट हाताशी नव्हतं, म्हणून प्रत्येक शाळेत एक तरी पोरगा 'माझ्या चुलत भावाने स्वतः पाहिलंय' म्हणणारा निघायचा.

ट्रक मात्र खरा आहे. बंदरावर एस. एस. ॲन या जहाजाच्या उजवीकडे, पाण्यापलीकडच्या जमिनीच्या तुकड्यावर तो उभा असतो. अख्ख्या गेममध्ये दुसरा ट्रक कुठेच नाही, म्हणून संशय येणं साहजिक होतं. तिथवर पोचायला सर्फ (पोकेमॉनवर बसून पाणी ओलांडायची चाल) लागतो आणि सर्फ मिळतो पार फ्युशिया शहरात. तोवर कॅप्टनकडून कट (झुडपं तोडायची चाल) घेऊन तू जहाजातून उतरलेला असतोस, आणि उतरलास की जहाज सुटतं आणि बंदर बंद होतं. तुला जाता येत नाही ते यामुळे.

पण वाट आहे. कट घे, आणि जहाजातल्या एखाद्या ट्रेनरशी मुद्दाम हर. सगळे पोकेमॉन बेशुद्ध पडले की गेम तुला उचलून थेट पोकेमॉन सेंटरला नेतो. तू पायी उतरलाच नाहीस, म्हणून जहाज जागचं हलत नाही. मग पुढचा प्रवास कर, सर्फ आणि स्ट्रेंग्थ (जड वस्तू ढकलायची चाल) मिळव, फ्युशियाच्या जिमच्या कोगाला हरवून सर्फ वापरायला लागणारा सोल बॅज घे आणि परत ये. हरण्यासाठी एक ट्रेनर शिल्लक ठेवायला मात्र विसरू नकोस.

एवढं करून ट्रकला धक्का दिलास तर काय होतं? काही नाही. ट्रक हलत नाही, खाली काही नाही. २००४ च्या फायररेड-लीफग्रीन या नव्या आवृत्त्यांमध्ये मात्र बनवणाऱ्यांनी या वावडीला डोळा मारलाय : ट्रकपाशी शोधलं तर एक लाव्हा कुकी सापडते. माझ्या भाच्याने ती शोधली तेव्हा घरभर नाचला होता, आणि 'म्यू कुठाय' हे तासाभराने त्याच्या लक्षात आलं.

आता म्यूबद्दल. तो त्या गेममध्ये खरंच आहे, १५१ वा. प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांनी चाचणीसाठीचा कोड काढल्यावर उरलेल्या सुमारे ३०० बाइट जागेत त्याला अगदी शेवटी बसवला. १९९६ मध्ये जपानच्या 'कोरोकोरो' मासिकाने वाचकांसाठी सोडत काढली आणि २० जणांना म्यू दिला. याशिवाय रेड-ब्लूमध्ये सेरुलियन शहराच्या उत्तरेला, रूट २४ आणि २५ वर, गेममधल्या एका चुकीचा फायदा घेऊन म्यू समोर येतो. त्याला टेलिपोर्ट येणारा ॲब्रा लागतो. म्हणजे म्यू पकडता येतो, पण त्याचा पत्ता ट्रकपासून बराच लांब आहे. भावाला एवढं सांग आणि पैज लावली असेल तर वसूल कर.

प्र. माझी मुलगी व्हर्मिलियनच्या जिममध्ये दिवसचे दिवस कचऱ्याचे डबे उघडत बसली आहे. हे शिक्षण आहे की काय आहे? (एक आई, नाशिक)

शिक्षण नाही, पण तिचा मेंदू चालू आहे, काळजी नको. जिमचा प्रमुख लेफ्टनंट सर्ज याचा दरवाजा दोन स्विचांनी बंद असतो आणि ते स्विच कचऱ्याच्या डब्यांत दडवलेले असतात. पाच-पाचच्या तीन रांगा, एकूण १५ डबे. पहिला स्विच सापडला की दुसरा त्याच्या शेजारच्या डब्यात असतो : वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे. तिरका नाही. चुकीचा डबा उघडला की पहिल्याचीही सांगता होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुलीच्या किंकाळ्या ऐकू येतात त्या बहुधा तेव्हाच्या.

ती रेड किंवा ब्लू खेळत असेल तर एक गोष्ट सांगा. पहिला स्विच सगळ्या डब्यांत नसतो, एकाआड एक डब्यांतच असतो. कोपऱ्यातल्या डब्यापासून सुरुवात करायची, पुढचा सोडायचा, त्याच्या पुढचा उघडायचा, बुद्धिबळाच्या पटावरच्या एका रंगाच्या घरांसारखं. १५ ऐवजी आठच डबे उरतात. फायररेडमध्ये ही सवलत नाही, तिथे नशीबच.

जिमच्या दारातलं झुडूप तोडायला कट लागतो आणि तो एस. एस. ॲनच्या कॅप्टनकडे मिळतो, हे तिने पार केलेलंच दिसतंय. तो प्रसंग मला अजूनही मजेशीर वाटतो. एवढं आलिशान, वर्षातून एकदा येणारं जहाज आणि त्याच्या कॅप्टनलाच बोट लागलेली! आपण त्याची पाठ चोळतो, त्याला बरं वाटतं, तो कट देतो. पूर्ण गेममध्ये लढाईशिवाय मिळालेलं एवढं महत्त्वाचं काम दुसरं मला आठवत नाही.

एक सूचना : रेड-ब्लूमध्ये कट एकदा शिकवला की विसरवता येत नाही. लाडक्या पोकेमॉनच्या चालींतली एक जागा त्यात घालवू नये. व्हर्मिलियनच्याच एका घरात स्पिअरो हा पोकेमॉन दिला की बदल्यात फारफेच्ड मिळतो. तो जंगलात सापडत नाही आणि कट शिकतो. झुडपं तोडायला तो ठेवा.

प्र. लहानपणी कार्टून नेटवर्कवर पिकाचूने रायचूला लोळवलेलं पाहिलंय. गेममध्ये माझा पिकाचू दर वेळी झोपतो. फसवणूक आहे. (पुणे)

मालिकेत पिकाचू आधी दवाखान्यात जातो हे आठवतंय ना? मग त्याचा रायचू करणारा थंडरस्टोन नाकारतो आणि वेगाच्या जोरावर जिंकतो. गेमला या भावनांशी घेणंदेणं नाही. विजेवर विजेचा मारा अर्धाच बसतो आणि सर्जचा रायचू लेव्हल २४ चा आहे. येलो या आवृत्तीत तर तो एकच रायचू ठेवतो, तोही लेव्हल २८ चा, आणि तुमच्या गळ्यात पिकाचू बांधलेलाच. म्हणजे त्याने मुद्दाम केलंय असं म्हणायला हरकत नाही.

उपाय पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रूट ११ वर डिगलेटची गुहा लागते. डिगलेट जमिनीच्या प्रकारचा, त्याला वीज लागतच नाही. लेव्हल १९ ला तो डिग शिकतो, त्यामुळे त्याच्या वरचा पकडलात तर तयारच मिळतो. नशीब जोरावर असेल तर लेव्हल २९ किंवा ३१ चा डगट्रिओ, म्हणजे डिगलेटचं मोठं रूप, भेटतो, मग लढाई उरतच नाही. एकच जपा : सर्जच्या व्होल्टॉर्बकडे सॉनिकबूम आहे, तो नेमके २० एचपी नेतो, आणि डिगलेटचा जीव मुळातच थोडा. दोन फटके आणि संपला.

प्र. मी आयुष्यभर बांधकाम खात्यात होतो. नातवाच्या गेममध्ये व्हर्मिलियनला एक म्हातारा माचॉप नावाच्या पोकेमॉनला प्लॉटवर उड्या मारायला लावून जमीन दाबतो. काम कधी पूर्ण होतं? (सेवानिवृत्त, सातारा)

काका, होत नाही. गोल्ड आणि सिल्व्हर हे पुढचे गेम १९९९ मध्ये आले, त्यांची गोष्ट तीन वर्षांनंतरची. त्यातही माचॉप तिथेच धम्म-धम्म करतोय आणि म्हातारा सांगतो की काम सुरू करायला पैसे नाहीत. २०१८ च्या लेट्स गो या नव्या गेममध्येही प्लॉट मोकळाच. कॉम्पॅक्शन मात्र उत्तम झालं असणार.

प्र. मी नोकरीनिमित्त योकोहामाला असतो. इथले सहकारी म्हणतात व्हर्मिलियन म्हणजे हेच. खरं का? (योकोहामा)

कान्टो हे खऱ्या जपानमधल्या प्रदेशाचंच नाव आहे, तोक्यो आणि योकोहामा त्यातलेच. गेमच्या नकाशात व्हर्मिलियन मधल्या मोठ्या सॅफ्रन शहराच्या दक्षिणेला, पाण्याकाठी येतं, म्हणून सहकाऱ्यांचं अनुमान तर्काला धरून आहे. गेम स्वतः मात्र कुठे तसं म्हणत नाही. तुम्ही बंदरावर संध्याकाळी फिरत असाल तर एक आठवा : गावाच्या पाटीवर सुंदर सूर्यास्ताचं बंदर असं लिहिलंय, पण पहिल्या गेमबॉयचा पडदा चार छटांचा आणि त्या गेममध्ये दिवस-रात्रच नाही. तिथे सूर्यास्त कुणी पाहिलेला नाही. तुम्हाला पाहता येतोय, तेव्हा हेवा वाटतो.

प्र. सेरुलियनच्या सायकल दुकानात किंमत दहा लाख आहे. पैसे साठवू का? (इयत्ता सहावी, कोल्हापूर)

नको गं, जमणारच नाही. पाकिटात जास्तीत जास्त ९,९९,९९९ मावतात, म्हणजे एक रुपया कायम कमी. व्हर्मिलियनच्या फॅन क्लबमध्ये जा. तिथे दोघं पिकाचू गोड की सील गोड यावर भांडत असतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. अध्यक्षांशी बोल आणि त्यांची गोष्ट ऐकायला हो म्हण. ते आपल्या लाडक्या रॅपिडॅश या पोकेमॉनचं कौतुक सुरू करतात ते थांबतच नाहीत. शेवटी स्वतःच भानावर येऊन सायकलचं व्हाउचर देतात. ते दुकानात दिलंस की सायकल फुकट. फक्त आधी बॅग बघून घे. तिच्यात २० जागा असतात. भरलेली असेल तर व्हाउचर मिळत नाही आणि रॅपिडॅश पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागतो.