हॉल कुणी दिला ते बघ

प्रश्न : काका, लॉस एंजेलिसचं हॉलिवूडकडचं पंक रॉक आणि ईस्ट एलएचं, म्हणजे पूर्वेकडच्या मेक्सिकन वस्तीचं पंक, दोन्ही ऐकतोय. मित्र म्हणतो, दुसरं म्हणजे पहिल्याची नक्कल. खरं काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : नक्कल नाही रे बाबा. हॉलिवूडमध्ये ब्रेंडन मलननं १९७७ साली एका तळघरात ‘मास्क’ नावाचा पंक क्लब सुरू केला. तिथं गाजलेल्या ‘द बॅग्ज’ या बँडची गायिका ॲलिस बॅग ईस्ट एलएच्या मेक्सिकन घरातली, रांचेरा ही मेक्सिकन गाणी ऐकत वाढलेली. नदीपलीकडची, म्हणजे ईस्ट एलएची पोरं सुरुवातीपासूनच त्यात होती, हे मित्राला सांग.

फरक जागेचा आहे. ईस्ट एलएच्या बँडांना पलीकडच्या क्लबांत सहजी वाजवायला मिळत नव्हतं. १९८० मध्ये ‘लॉस इलीगल्स’ या ईस्ट एलएच्या बँडच्या विली हेरॉननं ‘व्हेक्स’ हा क्लब सुरू केला, तो ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’ या छापचित्रांच्या संस्थेत. ती चालवायच्या सिस्टर कॅरन बोकालेरो, फ्रान्सिस्कन नन! वस्तीतल्या लोकांना स्क्रीन प्रिंटिंग शिकवणाऱ्या बाईंच्या छताखाली पंक वाजलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो.

कारण नांदेडला कॉलेजात असताना आमचा ड्रमसेट बघूनच हॉलवाले नाही म्हणायचे. शेवटी गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बुवांनी विठ्ठल मंदिराचा सभामंडप दिला. अट एकच, काकड्याच्या आधी सगळं झाडून द्यायचं. समोर सतरंजीवर आज्या बसलेल्या. त्यांना कळावं म्हणून आम्ही पहिल्यांदा मराठीत गायलो, आणि त्या रात्रीपासून आमचं वाजवणंच बदललं.

लॉस इलीगल्स इंग्रजीसोबत स्पॅनिशमध्येही गायचे, कागदपत्रांविना राबणाऱ्या माणसांबद्दल गायचे. ऐकणारे त्याच घरांतले होते, मग दुसरं काय गाणार?

भिंतींचंच बघ. मास्कच्या भिंती पोरांनी खरडून भरल्या, आणि तीच त्या तळघराची शान होती. व्हेक्सच्या इमारतीत वस्तीतल्या कलाकारांचं काम होतं. पुढे एका कार्यक्रमात तिथं तोडफोड झाली, त्या कामाचं नुकसान झालं आणि व्हेक्सला ती जागा सोडावी लागली. अजून वाईट वाटतं.

आता एक कर. बॅग्जचं १९७८ चं ‘सर्व्हाइव्ह’ ऐक, आणि लगेच ईस्ट एलएच्या ‘द ब्रॅट’ या बँडची १९८० ची ‘ॲटिट्यूड्स’ ही रेकॉर्ड लाव. त्यांची गायिका टेरेसा कोवारुबियासचा आवाज हेडफोनवर नको, गच्चीत स्पीकरवर ऐक. मित्रालाही बोलाव.