अपघातानंतर आतून रक्तस्राव होत असेल तर पोट न उघडता, नळी घालून थांबवता येतो का? खर्च किती?

येतो. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं झालंय म्हणून सांगतो. सोलापूरला केगावजवळ हायवेला उसाच्या ट्रॅक्टरनं त्याच्या गाडीला उडवलं, वरून बघाल तर नुसतं कोपराला खरचटलेलं, पण आत पेल्विसचं, म्हणजे कमरेखालच्या कड्याचं हाड मोडलेलं आणि बीपी सारखं खाली. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरनी चादरीची घडी घालून ती खुब्यांभोवती इतकी करकचून आवळली की पोरगं बोंबललं. हाडं जवळ आली की आत रक्त साचायला जागा कमी उरते, म्हणून बांधतात.

काँट्रास्ट सीटीत, म्हणजे शिरेतून डाय देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये, धमनीतून गळती दिसली. डॉक्टर म्हणाले कॅथ लॅबमध्ये घेऊ, एम्बोलायझेशन करू, म्हणजे जांघेतून नळी घालून गळकी रक्तवाहिनी आतूनच बुजवू. झालं, आमचे मामा सुरू! "रक्त पोटात आणि भोक जांघेत? पैसे काढायचे नवीन धंदे आहेत बे हे, सरळ पोट उघडायला सांग नाहीतर पुण्याला हलव." पुणे काय शेजारी आहे का, असल्या बीपीवर अडीचशे किलोमीटर? आणि पेल्विसमध्ये साचलेलं रक्तच आतून दाब देऊन गळती थोडी धरून ठेवतं, उघडलं की तो दाबही जातो. मी सही करून टाकली.

नंतर डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत, त्यातून डाय सोडला की फाटलेल्या फांदीपाशी काळा डाग पसरत जातो. मग त्या फांदीत जेलफोमचे (स्पंजासारखे) तुकडे आणि कॉइल, म्हणजे धातूच्या बारीक स्प्रिंगा सोडल्या, परत डाय सोडला तर डाग नाही. पोटाला टाका नाही. रात्रभर पाय सरळ आणि जांघेवर वाळूची पिशवी, त्याचाच त्याला जास्त वैताग.

आणि हे नवीन नाही हो. पेल्विसच्या फ्रॅक्चरला असं केल्याचं अमेरिकेत 1972 मध्येच छापून आलंय, म्हणजे आपल्याकडं दुष्काळ होता आणि मामा चड्डीत फिरत होते तेव्हा.

खर्चाचं म्हणाल तर कॉइल किती लागतात आणि आयसीयूत किती दिवस जातात त्यावर आहे, आकडा लेखी मागा.

हां, एक राहिलं, सगळ्यांनाच हे चालत नाही. पेल्विसमधलं रक्त बऱ्याचदा शिरांतून नाहीतर मोडलेल्या हाडातूनच येतं, तिथं नळी फारशी कामाची नाही, आत पॅकिंग, म्हणजे कापडाच्या घड्या दाबून भरणं, करावं लागतं. प्लीहा फुटून बीपी सावरतच नसेल तर ऑपरेशन थिएटरच. डायचा किडनीवर लोड येतो म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) विचारतात, आणि कधीकधी रक्त बंद केलेल्या भागातलं मांस खराब होऊ शकतं. तेव्हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचा, तुमच्या मामांचा नाही.

आमचे मामा अजून लग्नकार्यात म्हणतात, "स्वामींची कृपा म्हणून वाचला, नळीनं काय होतंय." स्वतःची अँजिओप्लास्टी मात्र गेल्या वर्षी मनगटातून करून आले, तेव्हा नाही म्हणाले छाती उघडा.