तिसऱ्या उसळीआधी

प्रश्न : मुलगी विमान चालवायला शिकते. एकटीने उतरताना तिचं सेस्ना १७२ दोनदा उसळलं आणि पुढचं चाक मोडलं. वारा शांत होता. मग चुकलं कुठे?

उत्तर : आधी हे सांगा, पोरगी धड आहे ना? मग पत्रा गेला तर जाऊ दे.

शेजारची खुर्ची रिकामी असली की विमान हलकं होतं आणि नेहमीच्याच वेगाने आलं तरी धावपट्टीवर जास्त तरंगतं. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली असताना या विमानाचा उतरायला येतानाचा वेग ६० ते ७० नॉट (ताशी साधारण ११० ते १३० किमी). त्याहून वेग जास्त असेल तर ते टेकायलाच तयार होत नाही. शिकाऊ हात मग घाईने नाक खाली दाबतो, पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं. पुन्हा दाबलं की पुन्हा उसळी, आधीपेक्षा मोठी. मागची दोन चाकं लवचिक पोलादी पायांवर असतात, ती बरंच सोसतात. पुढचा पाय तेवढा दणकट नसतो. नाकावरचा फिरता पंखाही (प्रोपेलर) जमिनीला लागला असेल, तर इंजिन तपासल्याशिवाय उडू नका.

मी स्वतः शिकताना हेच केलंय. नजर नाकासमोरच्या डांबरावर खिळली होती. ती धावपट्टीच्या दूरच्या टोकावर हवी, तरच उंचीचा अंदाज येतो.

तिला सांगा, पहिली मोठी उसळी आली की थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारी कळ) पूर्ण पुढे, नाक आवरून धर, फ्लॅप्स २० अंशांवर घे आणि वर जा. फेरी मारून पुन्हा ये. त्यात कमीपणा कसला?