नाव काढून घेण्याआधी

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आईला पक्षाघात झालाय, तिचं करायला इंजिनीअरिंगचं एक वर्ष ड्रॉप घेऊ का, असं तू विचारलंस. लगेच उत्तर हवं असेल तर, नको. या सेमिस्टरला तर नाहीच, आणि कुणालाही लेखी काही न देता गुपचूप घरी बसायचं असेल तर कधीच नाही. कारणं लांबलचक आहेत. निवृत्त झाल्यापासून फॉर्मच्या अटी ऐकवायला मला कुणी मिळत नाही, तेव्हा सोसून घे.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे गेली. घरी आजारी माणसाचं करणारी मुलं त्या खिडकीतून दिसतच नाहीत. हजेरी कमी असलेल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये त्यांचं नाव दिसतं, फी थकलेली दिसते, टर्मवर्क राहिलेलं दिसतं. पहाटे उठून आईची कूस बदलली, तिला पुसून काढलं, डायपर बदललं, मऊ भात भरवून बीपीची गोळी दिली आणि मग उत्तमनगरहून सिटीलिंकची बस गाठली, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही. मुलगी असेल तर एखादी मॅडम निदान विचारते तरी, घरी काही आहे का गं. मुलगा उशिरा आला की तो टवाळच, असा सरळ हिशेब असतो. तेव्हा अभ्यासाचं वेळापत्रक मागाहून बघू. आधी ही गोष्ट कागदावर आण.

विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज लिही. आईच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोड. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घे की पक्षाघातामुळे रुग्णाला रोजच्या सगळ्या कामांसाठी दुसऱ्या माणसाची गरज आहे. आणि अर्जाच्या शेवटी ‘तरी कृपया सहकार्य करावे ही विनंती’ असं मोघम लिहू नकोस. सहकार्य म्हणजे काय, ते समोरच्याला ठरवावं लागलं की तो काहीच ठरवत नाही. सकाळचं पहिलं लेक्चर चुकतं, प्रॅक्टिकलची दुपारची बॅच मिळावी, सबमिशनला अमुक तारखेपर्यंत मुदत मिळावी, असं नेमकं माग. अर्ज आवक विभागात द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नसतो. वर्षाखेरी टर्म ग्रँटचा, म्हणजे परीक्षेला बसू देण्याचा, प्रश्न आला की तुझ्या बाजूने बोलायला तेवढा एकच कागद असेल. हजेरीत सूट देताना बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचं स्वतःचं आजारपण धरतात, आईचं धरत नाहीत. म्हणूनच तो अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीला गेला पाहिजे. लिस्ट लागल्यावर दिलेल्या अर्जाला सबब म्हणतात.

हजेरीचे दोन आकडे मुलं नेहमी एकमेकांत घालतात. तुला लागू असलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मागच्या सत्राची ५० टक्के हजेरी लागते. टर्म ग्रँट व्हायला ७५ टक्के. शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणून निर्धास्त राहिलेली आणि परीक्षेच्या तोंडावर अडकलेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

ड्रॉपचं म्हणशील तर, या योजनेत अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. म्हणजे एक वर्ष कागदावर बसतं. पण आईला बरं वाटायला किती दिवस लागतील हे डॉक्टरही सांगत नाहीत, आणि एका वर्षाची दोन होताना घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. तोवर विद्यापीठाचा पॅटर्न बदलला तर जादा विषय मानगुटीवर. वर शिष्यवृत्तीतून अर्धी फी परत मिळणं बंद झालं की इंजिनीअरिंगच्या फीचा पूर्ण आकडा वडिलांसमोर उभा राहतो. पिकअप चालवणाऱ्या माणसाला तो पेलणार नाही, आणि मग ड्रॉपचं शिक्षण सोडण्यात रूपांतर होतं. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तरी चालेल. धागा तुटता कामा नये.

आता पैशाचं. आईची काळजी घेतोस म्हणून तुझ्या नावावर दरमहा काही देईल अशी योजना इथे शोधत बसू नकोस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणाऱ्याला आश्वासकिरणम् योजनेतून महिना ६०० रुपये देतात. इंग्लंडात असा भत्ता पूर्वीपासून आहे, पण त्यासाठी आठवड्याला ३५ तास काळजी घ्यावी लागते आणि आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिक्षण चालू असेल तर तो मिळत नाही. जो शिकतो तो घरचं करत नसणार, असं नियम करणाऱ्यांना तिकडेही वाटतंच. स्कॉटलंडने अलीकडे ती अट बरीच सैल केली. असो, हे आपल्या कामाचं नाही. आपल्याकडे जे काही मिळतं ते आजारी माणसाच्या नावावर, आणि तेही घराचं उत्पन्न बघून.

इथेच लोक फसतात, कारण ‘उत्पन्नाची मर्यादा’ प्रत्येक योजनेत वेगळी आहे. तुझ्या शिष्यवृत्तीला ८ लाख. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. लाडकी बहीणला अडीच लाख. वडिलांचे महिन्याचे १५ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ८० हजार. तुझी शिष्यवृत्ती बसते, आईचे लाडकी बहीणचे १५०० बसतात, निराधार योजना बसत नाही. संजय गांधीत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये अडीच हजार झाली, हे तुझ्या मामांनी कुठेतरी वाचलं आणि तुला तहसीलला पाठवलं. तिथे कुणीतरी तुला सांगितलं ना, पन्नास हजारांचा दाखला काढून देतो म्हणून? त्या माणसाच्या नादी लागू नकोस. एकाच घराचा एक दाखला शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर १ लाख ८० हजारांचा आणि दुसरा तहसिलात ४८ हजारांचा, आणि दोन्ही एकाच आधारला जोडलेले. पडताळणीत सापडलं की वसुली निघते, आणि तुझी शिष्यवृत्तीही चौकशीत अडकू शकते. महिना हजार रुपयांच्या फरकासाठी हे करायचं नाही. फरक हजाराचाच, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून १५०० किंवा जास्त मिळाले की लाडकी बहीणचे बंद होतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

तुझ्या रात्रीच्या डिलिव्हरीच्या कामाचाही इथे संबंध येतो. लाडकी बहीणच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. म्हणजे तुझी कमाई त्याच घरात मोजली जाते. महिना सहा हजार मिळाले तर वर्षाचे ७२ हजार, घराचे झाले २ लाख ५२ हजार, आणि आईचे वर्षाचे १८ हजार नियमाने गेले. महिना ५८०० पर्यंत राहिलास तर मर्यादेच्या आत. गंमतच आहे, पण दोनशे रुपयांत असा फरक पडतो. काम करू नको असं मी म्हणत नाही. अठरा हजार गेले तरी बहात्तर हजार येतात, हा हिशेब तूही करशील. पण रात्री अकराला दुचाकीवरून परत येणारा मुलगा पहाटे पाचला आईची कूस बदलू शकतो का, हे त्या हिशेबात नाही. माझं मत विचारशील तर डिलिव्हरी नको. कॉलेजात कमवा आणि शिका योजनेचं काम मिळतं का बघ. पैसे कमी, पण तास दिवसाचे आणि जागा कॉलेजचीच.

आईचं दिव्यांग प्रमाणपत्र मात्र काढून घ्या, निराधार योजना बसत नसली तरी. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी, मग त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी. झटक्यानंतर लगेच कायमचं प्रमाणपत्र मिळेल अशी आशा धरू नका. सुधारणा चालू असते तोवर तात्पुरतं देतात, त्याची मुदत तपासून ठेव. महापालिकेला आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा लागतो. त्यातून सध्या काय चालू आहे ते राजीव गांधी भवनात दिव्यांग कल्याणच्या टेबलावर जाऊन विचार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच ५ लाखांचं आहे, पण ते दवाखान्यात दाखल असतानाचं. घरी लागणारे डायपर, फिजिओ, हवेची गादी हे सगळं तुमच्याच खिशातून. हा महिन्याचा खर्च एकदा वहीत लिहून काढ. वडिलांना तो अंदाजे माहीत आहे, आकडा माहीत नाही.

आता जे लिहायचं मी टाळत होते ते.

तू लिहिलंस की मावशी म्हणाली, आईचं बाईमाणसानेच करावं, धाकटी आहे की घरात. धाकटी दहावीला आहे. तू कॉलेज चालू ठेवायचं ठरवलंस की तुझे तास घरात कुणाच्या तरी अंगावर पडणार, आणि कुणी काही न बोलता ते तिच्या अंगावर पडतील. आपल्याकडे असंच होतं. भांडण होत नाही, ठराव होत नाही, एक दिवस ती क्लासला जात नाही आणि सगळ्यांना ते सोयीचं वाटतं. हे तुलाच थांबवावं लागेल, कारण घरात तिच्यापेक्षा तुझं ऐकतात. मावशीला हिशेबाच्याच भाषेत सांग. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुला अर्धीच सवलत. तुमच्या घरात सगळ्यांत स्वस्तात इंजिनीअर होऊ शकणारी ती आहे, आणि तिचाच क्लास बंद करायला निघालात.

आंघोळीचा प्रश्न खरा आहे, आईला मुलाकडून संकोच वाटतो हेही खरं. त्यासाठी आठवड्यातून ठरावीक दिवस, तासाभरापुरती एखादी बाई लावा. आईचे ते १५०० त्यासाठीच ठेवा. ते पैसे तिचे आहेत, तिच्या लाजेसाठी खर्च झाले तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. आणि मावशीला ‘मदत कर’ म्हणू नकोस. ‘बुधवारी आणि शनिवारी एक ते पाच तू थांब’ म्हण. ती सिन्नरहून भाकरी, ठेचा घेऊन येते, आईशेजारी बसून रडते आणि संध्याकाळच्या बसने जाते. माया आहे तिची, पण त्या चार तासांत तुझं प्रॅक्टिकल होऊ शकलं असतं. तिला सरळ सांगितलंस तर तिलाही बरं वाटेल.

वडिलांशीही एक बोलणं बाकी आहे. द्राक्षांचा हंगाम जानेवारीत जोर धरतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. त्या महिन्यांत ते दिंडोरी, पिंपळगावच्या फेऱ्यांत रात्र रात्र बाहेर असतात. धाकटीची दहावी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुझी सेमिस्टर त्याच्या मागोमाग. घरातली सगळी कमाई आणि सगळ्या परीक्षा एकाच वेळी. हे आज दिसतंय तर फेब्रुवारीत धावपळ कशाला? मामा त्या काळात आठवडा-पंधरवडा मुक्कामाला येतात का, की दिवसभराची बाई लावायची, की वडिलांनी परीक्षेच्या तारखांना रात्रीची भाडी सोडायची, यांतलं एक दिवाळीलाच ठरवा. नातेवाईक तेव्हा एकत्र जमतात, आणि फराळाच्या ताटावर नाही म्हणणं लोकांना जड जातं.

मुक्त विद्यापीठाचंही तू विचारलंस. गंगापूर धरणाकडे जाताना लागतं ते, घरच्या घरीच. पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात, त्यात कमीपणा काही नाही. १९८९ पासून कितीतरी घरांना त्याने हात दिला आहे. पण तुझ्या बाबतीत मी ते शेवटी ठेवीन. कॅपमधून मिळालेली जागा एकदा सोडली की ती परत मिळत नाही. शिवाय बाहेरून शिकणारा मुलगा घरच्यांच्या दृष्टीने रिकामा असतो. पुस्तक उघडून बसलास तरी दूध आण, गॅस लाव, आईला पाणी दे. कॉलेजला जाणाऱ्याला निदान पाच तास कुणी हाक मारत नाही. अगदीच नाइलाज झाला तर अर्ध्या सेमिस्टरमध्ये उठून जाऊ नकोस. सेमिस्टर पूर्ण कर, पास झालेल्या विषयांचे क्रेडिट अॅकॅडमिक बँकेत, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेत का ते तपास. ते सात वर्षं वापरता येतात.

रविवारी चारनंतर घरी ये. येताना रेशनकार्ड, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, तुझी शिष्यवृत्तीची प्रिंट आणि आईचं डिस्चार्ज कार्ड आण. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे या वर्षीचाच आण, मागचा नको. प्राचार्यांचा अर्ज इथेच लिहू. धाकटीला सोबत आणलीस तर बरं, तिचं गणिताचं काय अडलंय ते माझे यजमान बघतील. त्या वेळेपुरतं आईजवळ कोण थांबणार, ते मात्र आत्ताच मावशीला फोन करून पक्कं कर.

तुझी
मॅडम