तुझ्या माघारी तुझ्याविषयी काय बोलले जाते

प्रिय मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बायोडेटा आणि सोबतचे पत्र वाचले. मुलाखतीला कोणता पोशाख करावा आणि लिंक्डइनवरचे छायाचित्र कसे असावे, असे तू विचारले आहेस. पोशाख नीटनेटका आणि कामाच्या ठिकाणाला साजेसा असावा, छायाचित्र स्पष्ट व अलीकडचे असावे. त्यापलीकडे त्याचा घोर नको. निवड करणारे, पूर्वीचे वरिष्ठ किंवा जुने सहकारी आपल्या माघारी आपल्याविषयी जे एखादे वाक्य बोलतात, तीच आपली व्यावसायिक प्रतिमा असते, आणि त्या वाक्यासाठी लागणारी सामग्री आपणच पुरवायची असते.

तुझ्या बायोडेटात ‘विविध प्रकल्पांत सक्रिय सहभाग’ असे लिहिले आहे. हे कोणीही कोणाविषयीही लिहू शकेल. पत्रात मात्र तू सहज लिहून गेलास की, महिनाअखेरच्या अहवालाला पूर्वी तीन दिवस लागत आणि तू एक्सेलमधील तक्त्यांची मांडणी बदलल्यापासून तो एका दिवसात होतो. मग हेच बायोडेटात का नाही? आधी काय अडत होते, तू नेमके काय केलेस आणि त्याने काय फरक पडला, हे एका वाक्यात आले की वाचणाऱ्याला त्यावरच पुढचा प्रश्न सुचतो आणि मुलाखत तुला चांगल्या ठाऊक असलेल्या विषयाकडे वळते. आणखी एक गोष्ट नजरेस आली. पहिली नोकरी सोडल्याचा महिना बायोडेटात एक आहे आणि लिंक्डइनवर दुसरा. चूक नजरचुकीची असेल, पण तपासणाऱ्याच्या मनात शंका यायला तेवढी पुरते.

ओळखी काढून नोकरी मागणे तुला कमीपणाचे वाटते, हे मी समजू शकतो. तरीही मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ मधील निष्कर्ष ध्यानात ठेव. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, तेव्हा ज्या व्यक्तीकडून माहिती मिळाली तिची वरचेवर भेट होत असे, असे सांगणारे १६.७ टक्केच निघाले. उरलेल्यांची ती व्यक्ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारी होती. कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना बहुधा आपल्यालाच ठाऊक असलेल्या जागा ठाऊक असतात. म्हणून जुन्या सहकाऱ्यांना चार ओळी लिहीत जा, आणि एकदम नोकरी मागण्याऐवजी त्यांच्या क्षेत्रात सध्या कोणत्या कौशल्याची चणचण आहे, हे विचार. अशा प्रश्नाला लोक मनापासून उत्तर देतात.

नोकरी लागल्यावरची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिथे रोज पाहणारे डोळे असतात. काम वेळेत होणार नाही असे दिसू लागले, तर मुदत उलटण्याआधीच कळवावे, आणि कळवताना नवी तारीखही द्यावी. बैठकीत ठरलेले मुद्दे त्याच दिवशी सर्वांना लिहून पाठवणारा माणूस पदाने कनिष्ठ असला तरी लोक त्याच्यावर विसंबू लागतात. दुसऱ्याच्या कामाचे श्रेय त्याच्या नावानिशी द्यावे. ते गिळणाऱ्यांची कीर्ती फार लवकर पसरते, आणि माझ्या मते ती पुसणे जवळजवळ अशक्य असते. बढतीच्या वेळी तुझे वरिष्ठ त्यांच्याही वरिष्ठांपुढे तुझी बाजू मांडणार असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. वर्षभरातले तपशील त्यांना आठवतीलच असे नाही. म्हणून दर महिन्याला आपल्या कामाची, आकड्यांसह, एक टिपण-वही राखावी आणि मूल्यमापनाच्या आधी त्यातले तीन ठळक मुद्दे त्यांना लेखी द्यावेत. याला आत्मस्तुती समजू नकोस. त्यांचे काम त्याने सोपे होते.

सध्या मात्र बायोडेट्यातील ते वाक्य बदल, तारखा जुळवून घे आणि संदर्भासाठी ज्यांची नावे देणार आहेस त्यांची आधी परवानगी घेऊन नवा बायोडेटा त्यांनाही पाठव, म्हणजे विचारणा झाली तर ते गोंधळणार नाहीत. सुधारलेला मसुदा माझ्याकडे आला की तुझ्या मुलाखतीची तयारी आपण त्यावरूनच करू.

तुझा हितचिंतक