'टू' कुठे लावायचा आणि कुठे नाही?

इंग्रजीतल्या 'टू'बद्दल तुमचे प्रश्न असे: 'ही फोर्स्ड मी टू वेट' बरोबर, मग 'ही मेड मी टू वेट' चूक का? 'सजेस्ट मी टू गो' का चालत नाही? 'ट्राय अँड कॉल' कुठून आलं? आणि या सगळ्याला एखादा नियम आहे का?

सगळीकडे लागू पडेल असा नियम नाही. आपल्यापुढे दुसरं क्रियापद कोणत्या रूपात घ्यायचं हे प्रत्येक क्रियापदाचं ठरलेलं असतं. मराठीचंही तेच आहे की! आपण 'जायला सांगतो', 'जाऊ देतो', 'जायचं ठरवतो' आणि 'जाणं टाळतो'. 'जाऊ टाळतो' असं कुणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हे विचारलं तर सांगताही येत नाही.

करायला लावणं म्हणजे 'मेक', करू देणं म्हणजे 'लेट'. या दोघांनाही 'टू' नको असतो. 'फोर्स' आणि 'अलाउ' अर्थाने त्यांच्या अगदी जवळचे, पण त्यांना 'टू' लागतोच. म्हणजे नुसत्या अर्थावरून अंदाज बांधता येत नाही. गंमत म्हणजे कर्मणी प्रयोगात 'मेक'चा 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट'. 'हेल्प'ला दोन्ही चालतं. 'टू' गाळायची सवय अमेरिकेत आधीपासून जास्त, आता ब्रिटनमध्येही ती सर्रास दिसते.

खरी मजा आहे ती 'टू' आणि 'आयएनजी' दोन्ही घेणाऱ्या क्रियापदांत. 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलायला थांबला, 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे तो बोलायचा थांबला. 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे मी आठवणीनं कुलूप लावलं, 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतंय. 'ट्राय टू ओपन द विंडो' म्हणजे खिडकी उघडायचा प्रयत्न कर, कदाचित ती उघडणारही नाही. 'ट्राय ओपनिंग द विंडो' म्हणजे खिडकी उघडून बघ, गरम व्हायचं कमी होतंय का ते कळेल. हे फरक आपल्याकडे आधीच आहेत, फक्त ते प्रत्ययांत दडलेले असल्यामुळे लक्षात येत नाहीत.

'टू' पुढच्या, अजून न घडलेल्या गोष्टीकडे बघतो आणि 'आयएनजी' घडलेल्या किंवा चालू असलेल्या, असं क्लासमध्ये सांगतात. 'वाँट', 'होप', 'डिसाइड', 'प्रॉमिस' यांना ते लागू पडतं. पण 'मॅनेज्ड टू फिनिश' म्हटलं की काम संपलेलं असतं, आणि 'कन्सिडर'ला पुढच्या बेताबद्दल बोलतानाही 'आयएनजी'च लागतं. म्हणून ही युक्ती अंदाजापुरती ठेवा, तिच्या भरवशावर परीक्षेला बसू नका.

आता 'सजेस्ट'. 'त्याने मला जायला सुचवलं' हे मराठीत खपतं, त्यामुळे 'ही सजेस्टेड मी टू गो' सहज तोंडातून येतं. इंग्रजीत मात्र 'ही सजेस्टेड गोइंग' किंवा 'ही सजेस्टेड दॅट आय गो'. यातल्या पहिल्यात कोणी जायचं ते मोघमच राहतं, त्यामुळे तुम्हाला बहुधा दुसरंच हवं असेल. 'ही सेड मी टू कम' हीसुद्धा याच घरातली चूक. आपलं 'सांगणं' माहितीलाही चालतं आणि हुकमालाही, पण 'यायला सांगितलं' म्हणायला इंग्रजीत 'टेल' किंवा 'आस्क' हवं. आणि 'तू यावंस असं मला वाटतं' या वळणावरून होणारं 'आय वाँट दॅट यू कम' सोडून सरळ 'आय वाँट यू टू कम' म्हणा.

ऑफिसच्या मेलमधलं 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' तुम्ही विचारलं नव्हतंत, पण राहवत नाही म्हणून सांगतो. तिथला 'टू' वेगळा आहे, तो 'फॉरवर्ड'ला चिकटलेला आहे. तपासायचं असेल तर त्याच्यापुढे नुसतं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड' चालतं ना? मग क्रियापदही 'मीटिंग' या रूपातच येणार.

शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश उघडा, साधा इंग्रजी-मराठी नको. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला असा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि त्यात क्रियापदांचे साचे, म्हणजे कोणत्या क्रियापदापुढे कोणतं रूप येतं ते, नमूद केलेले होते. पुढे तोच ऑक्सफर्डने छापला. असे कोश आता फुकट ऑनलाइन मिळतात, पण आपण अर्थ वाचतो आणि साचा न बघताच बंद करतो.

राहिलं 'ट्राय अँड कॉल'. बोलण्यात ते जुनं आहे, ब्रिटनमध्ये तर फारच रुळलेलं. फक्त 'ट्राय' मूळ रूपात असेल तरच ते जमतं: 'आय विल ट्राय अँड कॉल' ठीक, पण 'ही ट्राइड अँड कॉल्ड' या अर्थाने चालत नाही, तिथे 'ट्राइड टू कॉल'च हवं. अर्जात किंवा पेपरात लिहिताना दोन्हीकडे 'टू' वापरा.