लग्नाआधीच्या नावावरचे पेपर मोजत नाहीत आणि वर म्हणतात विषय बदला: माझा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. लेप्टोवरचे (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) तुमचे जुने संशोधनाचे पेपर माहेरच्या आडनावावर, नंतरचे सासरच्या, त्यामुळे स्कोपसवर (संशोधन पेपरांची नोंद ठेवणारा ऑनलाइन डेटाबेस) दोन प्रोफाइल, आणि प्रमोशनची कमिटी म्हणते एच-इंडेक्स (पेपर किती आणि दुसऱ्या पेपरांत त्यांचा संदर्भ, म्हणजे सायटेशन, किती वेळा आला यावरचा आकडा) कमी आहे, जरा 'चालणारा' विषय घ्या. हे सगळं माझ्याबाबतीत जसंच्या तसं झालंय, फक्त माझा विषय स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप.

ऑर्किड आयडी (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक), गूगल स्कॉलर वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय, नाव घेत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत म्हणून नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत दिली, मॅरेज सर्टिफिकेट दिलं, प्रतिज्ञापत्र दिलं, तरी उत्तर एकच, "मॅडम, सिस्टीममध्ये दिसत नाही, आम्ही दोनपैकी मोठा आकडा तेवढा धरतो." आता एच-इंडेक्स म्हणजे किमान तेवढी सायटेशन्स असलेले तेवढे पेपर, त्यामुळे एका प्रोफाइलचा ६ आणि दुसऱ्याचा ५ असेल तर एकत्र केल्यावर तो ९ सुद्धा येऊ शकतो, पेपर कसे आहेत त्यावर आहे. हे मी कागदावर यादी मांडून दाखवलं, टेबलावरच्या माणसाने ती यादी फाइलला लावूनही घेतली, आणि पुढच्या वेळी गेले तर तो माणूस बदललेला, यादी फाइलमध्ये नाही. स्कोपसकडून प्रोफाइल एकत्र होऊन आले तेव्हा यांची कटऑफ तारीख उलटून गेलेली. माझं प्रमोशन त्या खेपेला गेलं ते गेलंच.

म्हणून सांगते, स्कोपसचा प्रोफाइल दुरुस्तीचा अर्ज आजच भरा, फुकट असतो, लायब्ररीच्या सबस्क्रिप्शनची गरज नाही. आणि कार्यालयात जे द्याल त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका, तोंडी "झालं मॅडम" वर अजिबात विश्वास ठेवू नका. (तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, मेडिकल कॉलेज असेल तर एनएमसीचं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोग) ताजं परिपत्रक स्वतः वाचा, तिथे लेखकांच्या यादीत तुमचा क्रमांक कितवा हेही बघतात.)

आता विषय बदलायचं. माझं स्पष्ट मत, नका बदलू. कलकत्त्याचे कॉलऱ्याचे संशोधक शंभूनाथ डे घ्या. कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातलं तरी तिथे पाणी साठतं, म्हणजे आजार करणारं विष जंतू बाहेर सोडतात, हे त्यांनी १९५९ साली 'नेचर' या जर्नलमध्ये दाखवलं. पुढचं कॉलऱ्याचं सगळं संशोधन त्यावर उभं आहे, पण त्या पेपरची खरी दखल घ्यायला जगाला कितीतरी वर्षं लागली. १९७८ च्या नोबेल सिम्पोझियमला त्यांना बोलावलं, १९८५ ला ते गेले, आणि १९८६ ला यूजीन गारफिल्डने, म्हणजे ज्याने सायटेशन इंडेक्स काढला त्यानेच, डे यांच्या कामाच्या प्रभावावर लेख लिहिला. जर्नलचं वजन मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोनच वर्षांचे पेपर धरतो, अशा मोजपट्टीत असं काम कुठून दिसणार?

उलट बाजूही बघा. कोविडवर हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे मलेरियाचं औषध चालतं असं म्हणणारा, फ्रान्समधल्या मार्सेचा २०२० चा पेपर, ३६ रुग्णांवरचा, ३००० च्या वर सायटेशन्स मिळाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. आकडा मोठा म्हणून काम मोठं असं नाही हे कमिटीला कोण सांगणार! माझा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे हे जरा तिखट वाटलं तर समजून घ्या.

लेप्टोवर सायटेशन्स कमी येतात कारण त्यावर लिहिणारे मुळात कमी आहेत. पण पावसाळ्यात ताप, कावीळ आणि लघवी कमी झालेला भातशेतीवरचा माणूस वॉर्डात येतो तेव्हा तुमच्याच जिल्ह्यातला डेटा हवा असतो, आणि २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते आपण बघितलंय.

अजून एक, "सायटेशन्स वाढवून देतो" अशा मेल येतात त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका. आणि कमिटीपुढे सेल्फ सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरचा दिलेला संदर्भ) वगळलेला आकडा स्वतःहून द्या, स्कोपसवर तो पर्याय आहे, मग त्यावरून कुणी प्रश्न काढत नाही. राजपत्राचं काही अडलं तर इथेच विचारा, मला ती प्रोसेस आता पाठ आहे.